न पाहिलेल्या तीन ओळी

म्हातारा रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता. आमचा ट्रक त्याच्यापासून दहा पावलांवर थांबला, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला, तरी तो हलला नाही. अंगात काळा कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, टोपी काढून मांडीवर ठेवलेली. लढाईच्या त्या मुलखात इतकी गुळगुळीत दाढी केलेला माणूस मी कित्येक आठवड्यांत पाहिला नव्हता.

चव्वेचाळीस सालचा ऑक्टोबर होता तो. इटलीत रोमान्या म्हणून मुलूख आहे, तिथल्या टेकड्यांमधून आमची फौज वर सरकत होती. आम्ही खडकीची सफरमैना. जर्मन मागं हटताना वाटेत जे सुरुंग पेरून जायचे ते आम्ही काढायचे आणि मग बाकीच्या पलटणींनी पुढं जायचं, असं आमचं काम. मी हैबत शेळके, तेव्हा नाईक होतो, वय चोवीस. माण तालुक्यातला. आमच्या घरात विहिरी खोदायचा धंदा, त्यामुळं सुरुंग हा शब्द मी बोलायला लागल्यापासून ऐकत आलेलो. फक्त आमच्याकडं तो पाण्यासाठी लावायचे.

आमचे हवालदार दस्तगीर मुजावर कराडकडचे, चाळिशीला आलेले. बोलणं कमी आणि हात अतिशय सावकाश. ते खाली उतरले आणि त्यांनी मला बोलावलं, कारण सेक्शनमध्ये इटालियन मलाच काय ते यायचं. नेपल्सच्या इस्पितळात मी दोन महिने काविळीनं पडलो होतो, तिथं झाडलोट करणाऱ्या बाईकडून शिकलो होतो. मोडकंतोडकं, पण भागायचं.

म्हाताऱ्याचं नाव ओरेस्ते. सकाळपासून त्यानं एक जीप आणि दोन रुग्णवाहिका जाऊ दिल्या होत्या. आमच्या ट्रकवर पांढऱ्या फितीची रिळं दिसली, सुरुंगाची जागा आखायला ती लागतात, तेव्हा त्यानं खुर्ची मधे ओढली. घर त्याचंच, रस्त्यालगतचं. घरामागं चढावर त्याची द्राक्षबाग. तिथल्या द्राक्षाची लाल वाईन त्याचं घराणं पाच पिढ्या करत आलेलं. जर्मन तिथं नऊ दिवस मुक्कामाला होते आणि शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी सगळ्या बागेत सुरुंग पुरले. परवा बैल दावं तोडून आत शिरला, तो अजून तिथंच पडला होता. वास रस्त्यापर्यंत येत होता. द्राक्षं पिकून काळी झाली होती आणि पाऊस आज येईल की उद्या, असं आभाळ होतं.

मुजावरांनी मला सांगायला लावलं, की आम्हाला हुकूम फक्त रस्त्याचा आणि अंगणाचा आहे. शेतं लढाई संपल्यावर साफ होतील.

म्हाताऱ्यानं ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "लढाई संपल्यावर दुसरी द्राक्षं येतील. ही यंदाची आहेत."

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं.  मुजावरांनी चढावरच्या बागेकडं बराच वेळ पाहिलं.

पुढच्या नदीवरचा पूल उडवलेला होता आणि नव्या पुलाचं सामान यायला चार दिवस लागणार होते. तेवढे दिवस आम्हाला त्याच घराच्या अंगणात मुक्काम. मुजावर आमच्या गोऱ्या लेफ्टनंटकडं जाऊन आले. साहेबानं म्हणे एवढंच सांगितलं, की विश्रांतीच्या वेळात माणसं काय करतात ते मी विचारणार नाही आणि कुणावर जबरदस्ती नको. आठजणांतले पाच तयार झालो.

बागेच्या पायथ्याशी आम्ही सामान काढत होतो तेव्हा म्हाताऱ्याची सून आली. नेरीना. तिशीची असेल. डोक्याला काळा रुमाल, पायात लाकडी खडावा, बोटांच्या भेगांत जुने डाग. आमच्याकडचं सुरुंग हुडकायचं यंत्र तिनं पाहिलं आणि मान हलवली. ते तर आम्हालाही कळत होतं. बागेत वेलींना आधार द्यायला तारा ओढलेल्या, खांबांना खिळे, त्यामुळं यंत्र एकसारखं गुणगुणत राहायचं. शिवाय तिथले सुरुंग लाकडी पेटीचे होते, शाळेतल्या खडूच्या खोक्याएवढे. त्यात लोखंड नावालाच. ते यंत्राला कळतच नाहीत. पालथं पडून चार चार बोटांवर संगीन तिरकी खुपसायची आणि टोकाला काय लागतं ते हाताला कळलं पाहिजे, एवढाच इलाज. अख्ख्या बागेला असं करत बसलो तर महिना लागला असता.

"शोधायला नकोत," नेरीना म्हणाली. "मला ठाऊक आहेत."

जर्मन सुरुंग पुरत होते ते दोन दिवस ती माळ्यावर खिडकीच्या फळ्यांमागं बसून होती. घराची झडती व्हायची, म्हणून कागदावर काही लिहिलं नाही. सगळं डोक्यात ठेवलं. हे तिनं इतक्या साधेपणानं सांगितलं, की मला वाटलं माझ्या समजण्यात काही चूक होतेय.

मुजावर म्हणाले, "विचार तिला, पहिला कुठं?"

तिनं डोळे मिटले. गळ्यातली जपमाळ हातात घेतली. "खालून पहिली ओळ. अकरावी वेल. डाव्या अंगाला, हातभर."

मी पोटावर सरकत अकराव्या वेलीपाशी गेलो. डाव्या अंगाला हातभर अंतरावर संगीन तिरकी घातली. टोकाला लाकूड लागलं.

दुसरा सतराव्या वेलीला, तिसरा तेविसाव्या. ती पायथ्याशी उभी राहून सांगायची, एकेक मणी पुढं सरकायचा, आणि आम्ही काढत जायचो. दहावा निघाल्यावर मुजावर बांधावर बसले आणि तिच्याकडं नुसते पाहत राहिले. बायका जात्यावर एकामागून एक ओवी म्हणतात, मधे थांबून आठवावी लागत नाही, तसं तिचं चाललं होतं. ओळ, वेल, डावं-उजवं, अंतर. आमच्या डोळ्यांना सगळ्या वेली सारख्याच. तिला एकही सारखी नव्हती. ही एकोणतीस सालच्या थंडीत करपून पुन्हा फुटलेली, हिच्यावर नवऱ्यानं कलम केलेलं, ही वाकडी कारण लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं छाटणी चुकवली होती. अकरा वर्षं तिनं त्या वेलींना दर हिवाळ्यात एकेक करून हात लावला होता. कुठला जर्मन कुठल्या वेलीपाशी वाकला हे तिला घरच्या माणसांच्या पंगतीत कोण कुणाजवळ बसलं ते आठवावं तसं आठवत होतं.

पहिल्या दोन दिवसांत आम्ही सत्तावन्न सुरुंग काढले. सत्तावन्नही ती म्हणाली तिथंच, वीतभराच्या आत. बैल ओढून काढला आणि पुरला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच गावातल्या बायका खालच्या ओळींत द्राक्षं तोडायला आल्या. आम्ही साफ म्हटलं म्हणून नव्हे, नेरीनानं सांगितलं म्हणून. वाकडे चाकू घेऊन त्या भराभर घड उतरवायच्या आणि पाट्या अंगणात आणून रिकाम्या करायच्या. तिथं लाकडी कुंडात म्हातारा स्वतः पँट गुडघ्यावर दुमडून द्राक्षं तुडवत होता. मी लहानपणी द्राक्ष पाहिलंसुद्धा नव्हतं. तो काळा ढीग, त्यातून निघणारा लाल रस, त्यावर घोंगावणाऱ्या माश्या, आणि दोन डोंगरांपलीकडं तोफा चाललेल्या. त्या तोफांकडं कुणाचंही लक्ष नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाऊस भुरभुरला, म्हणून काम थांबलं. दुपारी म्हाताऱ्यानं मला आणि मुजावरांना तळघरात नेलं. तिथं त्यानं एक भिंत पाडली होती. जर्मन यायच्या आधी बांधलेली खोटी भिंत. तिच्यामागं पिंपांची रांग, प्रत्येकावर खडूनं साल. सगळ्यात जुनं लहानसं पिंप अठराशे एकाहत्तरचं. त्यातलं कुणी पीत नव्हतं, वर्षातून एकदा त्यात थोडी नवी वाईन भरायची आणि ते तसंच ठेवायचं. मी विचारलं, एखादं साल चुकलंय का? तो म्हणाला, पहिल्या लढाईत दोन्ही भाऊ गेले त्या वर्षी आईनं एकटीनं केली. वेलींना कीड लागून बाग निम्मी मेली त्या वर्षी अडीच घागरी झाली. पण झाली.

मग त्यानं एका पिंपातली पेल्यात ओतली. मुजावर पीत नसत. त्यांनी हात छातीवर ठेवला आणि म्हाताऱ्याला ते लगेच समजलं. त्यांच्यासाठी नेरीनानं कढवून आटवलेला द्राक्षाचा रस आणला, काळा, दाट, थेट काकवीसारखा. मुजावरांनी तो चपातीला लावून खाल्ला आणि मागून घेतला. मी वाईन प्यालो. आधी आंबट लागली, मग जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते तसं झालं, आणि गिळल्यावर बऱ्याच वेळानं मागून गोडवा आला. एवढ्या उशिरा येणारी चव मला माहीत नव्हती.

त्याच वेळी म्हाताऱ्यानं एक कार्ड दाखवलं. त्याचा मुलगा, नेरीनाचा नवरा, आफ्रिकेत पकडला गेला होता आणि तीन वर्षं हिंदुस्थानात, भोपाळच्या कैदी छावणीत होता. कार्डावर ठरावीक मजकूर असायचा, पण खाली दोन ओळी स्वतःच्या लिहिता यायच्या. मुलगा दर खेपेला एकच विचारायचा, यंदा किती पिंपं? म्हाताऱ्यानं मला विचारलं, भोपाळ तुझ्या घरापासून लांब आहे का? मी लांब आहे म्हणालो. त्यानं विचारलं, तिथं त्याला ऊन बरं मिळत असेल ना? मी म्हटलं, उन्हाची काळजी करू नका.

वर येताना नेरीनानं मला थांबवलं. आदल्या दिवशीचा रस एका मोठ्या उभ्या पिंपात भरला होता. तिनं माझं डोकं धरून कान त्या लाकडाला लावला. आत कुणीतरी जागं होतं. भात शिजायला लागतो तसा, पण फार खोल, एकसारखा आवाज. खाली विस्तव नव्हता, लाकूड हाताला कोमट लागत होतं. सांगून खरं वाटणार नाही असा मी शहारलो. ती हसली. त्या चार दिवसांत मी तिला तेवढं एकदाच हसताना पाहिलं.

राहिल्या होत्या त्या चढावरच्या शेवटच्या तीन ओळी. सगळ्या बागेत जुन्या. म्हाताऱ्याच्या आजानं लावलेल्या, मांडीएवढ्या जाड बुंध्यांच्या. तळघरातल्या त्या सालवार पिंपांत जाते ती वाईन फक्त ह्या तीन ओळींची. पहिल्याच दिवशी नेरीनानं आम्हाला बागेच्या कडेनं, बांधावरून तिथवर नेऊन सांगितलं होतं, "इथलं मला ठाऊक नाही."

मी विचारलं होतं, नाही म्हणजे? पुरले नाहीत?

"पुरले असतील. मी पाहिलं नाही. ठाऊक नाही."

का नाही पाहिलं ते तिनं सांगितलं नाही. मला वाटलं, डोळा लागला असेल, किंवा घाबरली असेल. दोन दिवस टक लावून बसायचं म्हणजे कुणाचाही लागेल.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्या ओळींत शिरलो. बाकीच्यांना रस्त्याच्या कामाला बोलावलं होतं, मुजावर दोन्हीकडं ये-जा करत होते. दुपारी चारला आम्ही निघायचं होतं. पहिल्या ओळीत तीन सुरुंग निघाले, दुसरीत एक. तिसरीत काहीच नाही. दहा वेली, वीस, तीस. चार चार बोटांवर संगीन. खांदे भरून आले होते, डोळ्यांत घाम जात होता, कोपरं सोलली होती. ओळीत चाळीस वेली होत्या. एकोणचाळीस झाल्या आणि मी शेवटच्या बुंध्याशी आलो. तिथली जमीन मुरमाड, मुळं वर आलेली. संगीन तिरकी घातली, ती अडली. बाजूला घातली, तिथंही अडली. मूळ असणार. जोर लावायची सोय नसते. माती बोटांनी उकरून बघायला हवी होती, त्याला अर्धा तास गेला असता. एवढीशी जागा, परातीएवढी. खाली ट्रकचा हॉर्न वाजला.

बांधावरून मुजावरांनी विचारलं, "शेळके, साफ?"

मी म्हणालो, "साफ."

एवढंच. उठलो, अंग झटकलं, फीत गुंडाळायला घेतली.

बायका पाट्या घेऊन वर आल्या होत्या, पण त्या तीन ओळींच्या तोंडाशीच थांबल्या. खालच्या ओळींत नेरीनाला ठाऊक होतं. इथलं तिलाच ठाऊक नव्हतं. कुणी पाय पुढं टाकेना. म्हातारा पाटी घेऊन पुढं झाला, त्याला एकीनं दंडाला धरून मागं ओढलं. आमच्यात रिवाज होता, की लोक बिचकले तर काढणाऱ्यानं त्या जागेवरून चालून दाखवायचं. मुजावर मला म्हणाले, "चल, दोघं जाऊन येऊ." आणि माझे पाय उचलेनात. मी फीत गुंडाळत बसल्याचं सोंग केलं.

तेवढ्यात नेरीनानं खडावा काढल्या. बांधावर नीट जोडून ठेवल्या आणि अनवाणी तिसऱ्या ओळीत शिरली.

तिनं मला काही विचारलं नाही. मी साफ म्हणालो ते तिनं ऐकलं होतं, तो शब्द एव्हाना तिला समजायला लागला होता. ती प्रत्येक वेलीला हात लावत, मोठ्यानं मोजत चालली. एक, दोन, तीन. घाई नाही, थबकणं नाही. ओल्या मातीत तिची पावलं उमटत होती, टाचेसकट, पुरतं वजन टाकलेली. मी ती पावलं पाहत होतो. चार दिवस मी त्या जमिनीवर पालथा पडलेलो, बोटानं दाबतानाही श्वास धरणारा. आणि ही बाई माझ्या एका शब्दावर अख्खं अंग टाकून चालली होती. वीस. पंचवीस. बायका अंगावर क्रूसाची खूण करत होत्या. तीस. मी मनात म्हणत होतो, मूळच आहे, मूळच आहे. पस्तीस. सदतीस.

"थांब," मी ओरडलो. मराठीत ओरडलो. मग इटालियन शब्द आठवला आणि तोही ओरडलो.

ती थांबली. एकोणचाळिसाव्या वेलीवर हात ठेवून उभी.

मी मुजावरांकडं न बघता म्हणालो, "साफ नाही. शेवटच्या वेलीपाशी मी बघितलं नाही. खोटं बोललो."

मग तिच्या पावलांवर पाऊल देत मी आत गेलो, तिला माझ्यामागं घेतलं आणि आडवा पडलो. बोटांनी माती उकरली. खरंच मूळ होतं. मनगटाएवढं मूळ. आणि त्याच्या बगलेत, मुळाला टेकवून, पेटी. पावसानं मुरूम धुऊन एक कोपरा जवळपास वर आलेला. तिनं घड तोडायला पाय रोवला असता तर त्याच ठिकाणी रोवला असता. ती निकामी करून बाहेर काढायला किती वेळ लागला मला ठाऊक नाही. 

पेटी बांधापलीकडं ठेवून मी परत आलो. आता शिव्या बसतील, निदान हवालदारसाहेब तोंडात तरी भडकावतील, असं वाटत होतं. ती मुभा होती त्यांना. ते बांधापलीकडं जाऊन पेटी बघून आले. बायकांना भाषा कळत नव्हती, पण काय झालं ते सगळ्यांना कळलं होतं. मी नेरीनाकडं वळलो. मला माफी मागायची होती आणि त्या भाषेतला माफीचा शब्द मला आठवेना.

ती त्या बुंध्याकडं पाहत होती. हळू आवाजात, मला समजावं म्हणून सुटे सुटे शब्द घेत ती बोलली. "ते इथं पुरत होते तेव्हा मी खाली होते. सासू मरत होती. ती म्हणत होती, तू वर जा, खिडकीपाशी बस. मी गेले नाही. तिचा हात धरून बसले. परत वर आले तेव्हा ह्या तीन ओळी झाल्या होत्या." थोडं थांबून म्हणाली, "म्हणून मला ठाऊक नव्हतं."

मला तिच्या तोंडाकडं बघवेना. सत्तावन्न जागा जिनं पाठ सांगितल्या ती तीन ओळींपाशी येऊन सरळ म्हणाली होती, इथलं मला ठाऊक नाही. आणि माझी तर परातीएवढी जागा होती.

मुजावर म्हणाले, "सुरुवातीपासून."

म्हणजे तिन्ही ओळी पुन्हा. खाली हॉर्न वाजत होता. लेफ्टनंटसाहेब स्वतः वर आले, बांधावरची पेटी पाहिली, मुजावरांशी दोन शब्द बोलले आणि घड्याळ बघत खाली गेले. मुजावरांनी शिरस्त्राण सारखं केलं, संगीन काढली आणि दुसऱ्या ओळीत माझ्या शेजारी आडवे झाले. म्हातारा, नेरीना, त्या सगळ्या बायका बांधावर बसून राहिल्या. कुणी घरी गेलं नाही. मी प्रत्येक बुंध्याखालची माती हातानं उकरली. जिथं संगीन अडली तिथं का अडली ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढं गेलो नाही. दोन तास लागले. आणखी काही निघालं नाही.

शेवटच्या वेलीपाशी मी उठलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. ह्या खेपेला मुजावरांनी विचारलं नाही. नेरीना समोर येऊन उभी राहिली आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आता तुला ठाऊक आहे?"

मी एकदा तिन्ही ओळींवरून नजर फिरवली. खरोखर एकेक वेल आठवली.

"आहे," मी म्हणालो.

मला वाटलं, आता ती सासऱ्याला विचारील, किंवा मला पुढं घालील. तसं करायचा तिला हक्क होता. तिनं पाटी उचलली आणि पुन्हा पहिल्यासारखीच शिरली, अनवाणी, पुरती पावलं टाकत. ह्या खेपेला तिनं वेली मोजल्या नाहीत. शेवटच्या वेलीपाशी गेली, जिथून पेटी निघाली होती नेमक्या तिथं दोन्ही पाय रोवून उभी राहिली आणि पहिला घड तोडला. मग बाकीच्या बायका आत आल्या.

त्यानंतर मी आणखी सहा महिने त्या मुलखात सुरुंग काढले आणि लढाई संपल्यावर गावी येऊन वीस वर्षं विहिरींचं काम केलं. मुजावर पुढं सुभेदार होऊन निवृत्त झाले. कराडला त्यांच्या घरी मी दरवर्षी जायचो. त्या दुपारचं त्यांनी ना मला कधी ऐकवलं, ना दुसऱ्या कुणाला सांगितलं. परवाच्या हिवाळ्यात ते गेले, म्हणून आज मी हे सांगतोय. नेरीनाचा नवरा भोपाळहून परत गेला का, मला माहीत नाही. त्या सालचं पिंप तळघरात लागलं असणार, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन.

आम्ही निघालो तेव्हा उन्हं टेकडीवरून उतरत होती. मी ट्रकच्या मागच्या फळीवर बसलो होतो, त्यामुळं बाग बराच वेळ दिसत राहिली. वरच्या तीन ओळींत बायका तोडणी करत होत्या. नेरीना कमरेवर भरलेली पाटी घेऊन मधल्या ओळीतून खाली येत होती. मी तिची पावलं बघत होतो, ती सवय आता जाणार नव्हती. ती मात्र पायांकडं बघत नव्हती. मान वर करून दोन्ही बाजूंचे घड न्याहाळत, दुसऱ्या बाईशी काहीतरी बोलत, ती सरळ चालत आली.